विजेची गाडी आणि गोडी विहीर

आमच्या गावात घरोघरी विजेचा दिवा यायच्या कितीतरी वर्षं आधी विजेची गाडी आली. हे मी आज सांगितलं की ऐकणारे हसतात. पण श्रीवर्धन आणि दिघी यांच्या मधल्या किनाऱ्यावर, सुपारीच्या वाड्यांतून जाणाऱ्या लाल मातीच्या रस्त्यावर ती गाडी दीड वर्ष धावली, आणि ती माझे वडील चालवत होते.

मी त्या वर्षी बी. ए. झालो होतो. आमच्या घराण्यात अक्षरओळख झालेला पहिला माणूस मीच. वडील शेटच्या मचव्यावर, म्हणजे मालवाहू शिडाच्या नावेवर, तांडेल म्हणजे प्रमुख होते. सुपारी, नारळ, भात भरून मुंबईला न्यायचं आणि तिथून कापड, कौलं, रॉकेल आणायचं, असं त्यांचं आयुष्य गेलं. शेट म्हणजे गावातले मुसलमान व्यापारी. माझी हायस्कुलातली आणि पुढे कॉलेजातली फी त्यांनी भरली. का भरली, हे मी त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. परीक्षेचा निकाल घेऊन मी त्यांच्या पायरीवर गेलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तांडेलाचा पोर बी. ए. झाला. आता आमची पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायला नकोत." तेव्हापासून ते मला नावाने हाक न मारता 'बी. ए.' म्हणू लागले.

गाडी घेतली ती त्यांच्या आईसाठी. त्यांना सगळे बीबी म्हणत. गुडघ्यांनी त्यांना चालता येत नव्हतं, बैलगाडीचे हिसके सोसत नव्हते, आणि पेट्रोलच्या वासाने त्यांना उलट्या होत. त्यांना रोज हवा असायचा फक्त समुद्र. दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली की दिवस मावळेपर्यंत किनाऱ्यावर बसायचं, ही त्यांची लहानपणापासूनची सवय गुडघ्यांमुळे तुटली होती. मुंबईत एका म्हाताऱ्या बाईंची विजेवर चालणारी गाडी विकायची आहे असं शेटना कळलं, आणि दिवाळीनंतर ती आमच्याच मचव्यातून, फळ्यांवर दोरखंडांनी बांधलेली, भरतीच्या वेळी बंदरात आली.

दिसायला ती गाडीसारखी नव्हतीच. उंच, काळी, चारी बाजूंनी काचा. आत मखमलीची बैठक आणि खिडक्यांना पडदे. पुढे इंजिनाचा आवाज नाही, मागे धूर नाही. आणि वळवायला चाक नव्हतं. बसल्या जागी हाताशी येणारा एक आडवा दांडा होता. मुंबईहून बरोबर आलेल्या मेकॅनिकने तो दांडा दाखवला तेव्हा बंदरावरचे खलाशी ओरडलेच.

"अरे, हे तर सुकाणू हाय! तांडेल, या, तुमचंच काम."

"शीड कुठं लावायचं, तांडेल?"

"आन् वारा पडला तर वल्हवायचं काय?"

वडील हसत हसत पुढे गेले आणि दांड्यावर हात ठेवला. पहिले दोन दिवस त्यांचा हात नावेच्या सवयीने उलटा जाई आणि गाडी वाडीच्या दगडी गडग्याकडे वळे. तिसऱ्या दिवशी जमलं. मेकॅनिक आठ दिवस राहिला, आणि जाताना शेटना म्हणाला की एवढ्या हलक्या हाताने चालवणारा माणूस त्याने मुंबईतही पाहिला नाही. त्या दिवसापासून वडील मचव्यावरून उतरून गाडीवर आले.

ही बदली आमच्या घराला किती मोलाची होती ते फक्त तिघांना ठाऊक होतं: वडील, आई आणि मी. दोन वर्षांपासून वडिलांना लांबचं धूसर दिसत होतं. जवळचं ठीक दिसे, पण समुद्रावरून किनाऱ्याची रेघ, डोंगराची खूण, समोरून येणारं शीड ओळखू येत नसे. बरोबरचे खलाशी सहज बोलल्यासारखं सांगत आणि वडील त्या सांगण्यावर मचवा वळवत. शेटना त्यांनी हे सांगितलं नव्हतं. तांडेलाचे डोळे गेले हे एकदा बोललं गेलं की तो तांडेल राहत नाही. मला जूनपासून अलिबागला शाळेत मास्तरकी मिळणार होती. मी म्हटलं, आता घरी बसा. त्यावर ते म्हणाले, "हात हालतात तोवर पोराच्या ताटावर बसायचा न्हाय मी." गाडी आली आणि समुद्र आपोआप सुटला. सावकाश जाणारी गाडी, पायाखालचा रस्ता आणि हाताशी दांडा, एवढं त्यांच्या डोळ्यांना पुरत होतं.

ते दिवस आठवले की मला अजून ती शांतता ऐकू येते. मी पुष्कळदा वडिलांशेजारी बसून जात असे. मागे पडद्याआड बीबी. गाडी सुटली हे झाडं मागे सरकू लागली की कळायचं. वाडीत सुपारी गळून पडली तर तिचा टप् असा आवाज आत ऐकू यायचा. पाटातलं पाणी, रहाटाची कुरकूर, लांब कोणी कोयत्याने झावळी तोडतं आहे ते, सगळं जसंच्या तसं. काचांवर पानांच्या सावल्या पोहत जायच्या. बीबी म्हणायच्या, "तांडेल, गादीवर पडल्या पडल्या कुणी पलंगच उचलून नेतंय असं वाटतं." किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली गाडी उभी राही. बीबी पडदा सारून बसत आणि दिवस मावळेपर्यंत समुद्राकडे बघत. वडील उतरून वाळूत पाय पसरून बसत. ज्या समुद्राची त्यांनी आयुष्यभर चाकरी केली, त्याच्याकडे ते पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी बघत होते. त्यांना त्यातलं किती दिसत होतं कोण जाणे.

चैत्रात गाडी थकू लागली. आधी विजेच्या एका भरणीवर ती श्रीवर्धनला जाऊन परत येई. मग परत येताना घाटीत धापा टाकू लागली. वैशाखात श्रीवर्धनचं नावच काढायला नको झालं. ही भरणी शेटच्या भातगिरणीत होई. तिथे तेलाचं इंजिन होतं, आणि दिव्यांसाठी म्हणून त्याला एक डायनामो जोडलेला होता. गिरणी दिवसभर भात कांडी आणि गाडी कोपऱ्यात उभी राहून वीज पिई.

त्याच सुमाराला मुंबईच्या एका व्यापाऱ्याचं पत्र आलं. त्याला आपल्या बायकोसाठी अशीच गाडी हवी होती. पावसाळ्यात आगबोटी आणि मचवे बंद होणार, म्हणजे काय ते आठ दिवसांत कळवायला हवं होतं. शेटनी मला बोलावलं.

"बी. ए., एक काम कर. ही गाडी ठेवण्यात फायदा काय, तोटा काय, ते कागदावर लिहून दे. मला खूश करायला लिहू नकोस. तुला कॉलेजात घातलं ते हांजी हांजी करायला नाही." मग पायरीशी उभ्या असलेल्या वडिलांकडे वळून ते म्हणाले, "गाडी गेली तरी तुझं काही अडत नाही, तांडेल. नारळी पौर्णिमेनंतर मचवा तुझाच आहे."

वडील "व्हय शेट" म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मी चार दिवस तो कागद लिहीत होतो. इतक्या मन लावून मी परीक्षेचा पेपरही लिहिला नव्हता. फायदे लिहायला हात आपोआप चालला. श्रीवर्धनच्या पेट्रोलच्या मोटारीला पुढून दांडा फिरवून सुरू करावं लागे, आणि त्या दांड्याने उलटा झटका देऊन एकाचं मनगट मोडलं होतं. आमच्या गाडीला नुसती कळ सरकवायची. पेट्रोलचे डबे बोटीतून आणायला नकोत, ते घरात ठेवून आगीची भीती नको. बैल बुजत नाहीत. आजारी, म्हातारं, गरोदर माणूस बसू शकतं. हे लिहून झाल्यावर मी प्रामाणिकपणे दुसरी बाजू घेतली. शांततेचाही तोटा होताच. रस्त्याने मासळीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या कोळणींना गाडी मागून आलेली कळत नसे. एकदा एकीची पाटी दचकून पडली आणि तिने वडिलांना चांगलंच सुनावलं, "मेली भुतासारखी मागनं येते! जरा खोकाय तरी शिकवा तिला!" तेव्हापासून वडील पायाखालची घंटा सारखी वाजवू लागले. पुढचा तोटा, घाटी चढताना तिची शक्ती संपे आणि वाटेत संपली तर तिला बैल जोडून आणण्याशिवाय गती नसे. पेट्रोलवाल्याला डबाभर पेट्रोल कोणी आणून देईल. वीज कोण डब्यात आणणार? गिरणी पावसाळ्यात बंद राही, तेव्हा एकट्या गाडीसाठी इंजिन चालवायचं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, बॅटऱ्या. गाडीच्या पोटात त्यांची चाळीस घरं होती आणि प्रत्येक घराला दर पंधरवड्याला मुंबईचं पाणी लागे.

हे पाणी गाडीबरोबर वेताच्या जाळीत बसवलेल्या मोठाल्या काचेच्या बरण्यांतून आलं होतं. डिस्टिल्ड वॉटर. मेकॅनिकने दिलेला इंग्रजी कागद मी वडिलांना वाचून दाखवला होता. याशिवाय दुसरं पाणी घालायचं नाही. त्यांनी विचारलं, का? मी म्हटलं, कागदात तसं लिहिलंय. मलाही का ते माहीत नव्हतं. मी तर्कशास्त्र आणि इतिहास घेऊन पास झालो होतो.

तोट्यांत 'बरण्या किती उरल्या' हे लिहावं म्हणून मी गिरणीत गेलो. बरण्या सगळ्या रिकाम्या होत्या आणि त्यांवर कोळिष्टकं धरली होती. म्हणजे त्या आजकालच्या रिकाम्या नव्हत्या. शेजारी आमच्या मचव्यावरचं जुनं पाण्याचं पिंप ठेवलं होतं, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं.

संध्याकाळी मी विचारलं, "बा, गाडीला कुठलं पाणी घालता?"

"गोड्या विहिरीचं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता.

हे समजायला आमच्या किनाऱ्यावर वाढायला हवं. आमच्याकडे बहुतेक विहिरी मचूळ. गोड्या पाण्याची विहीर गावात एकच. मचवा निघायच्या आदल्या दिवशी पाण्याची पिंपं त्याच विहिरीवर भरायची, आणि प्रत्येक पिंपातलं ओंजळभर पाणी तांडेलाने स्वतः चाखायचं. तो मान हलवेल तेव्हाच बूच बसायचं. वाऱ्याने मचवा चार दिवस अडकला तर तेच पाणी माणसांना जगवतं. वडिलांनी आयुष्यभर हेच केलं होतं. गाडीत पाणी भरायचं म्हटल्यावर त्यांनी पहिली बरणी उघडली आणि सवयीने चाखून पाहिली.

"त्याला चवच न्हाय रे, बाला," ते मला म्हणाले. "गोड न्हाय, खारं न्हाय, कायच न्हाय. मेलेलं पानी. महिनाभर घातलं मी, मन खात व्हतं. एवढी बीबीची गाडी, आन् तिला असलं पानी? मंग ते सुपारीच्या रोपांना वतलं, आन् तिला आपलं चांगलं घालाय लागलो. दर खेपेला चाखून."

माझ्या हायस्कुलातल्या विज्ञानाच्या मास्तरांना मी दुसऱ्या दिवशी गाठलं. ते म्हणाले, विहिरीच्या पाण्यात जिभेला न कळणारे क्षार असतात. त्यांनी बॅटरी हळूहळू मरते, आणि मेलेली परत उठत नाही. मुंबईचं पाणी नसतं तर काचेच्या भांड्यात धरलेलं स्वच्छ पावसाचं पाणीसुद्धा चाललं असतं. चार महिने आमच्या कौलांवरून वाहून जाणारं पाणी!

मी कागद पुन्हा लिहिला. त्यात लिहिलं, 'बॅटऱ्या जुन्या असल्यामुळे क्षीण झाल्या आहेत.' वाक्य खोटं नव्हतं. बॅटऱ्या जुन्या होत्याच. एका बाजूला ज्यांच्यामुळे मला हे वाक्य लिहिता येत होतं ते शेट, दुसऱ्या बाजूला धूसर डोळ्यांनी मचव्यावर चढणारे वडील. मी ते वाक्य तसंच ठेवलं.

पण माझी एक जुनी सवय होती. मी काहीही लिहिलं की वडिलांना वाचून दाखवायचो, अगदी इंग्रजी निबंधसुद्धा. न कळूनही ते शेवटपर्यंत ऐकायचे. हा कागद मी ओटीवर बसून वाचला. ते जाळ्याचं सूत वळत ऐकत होते. संपल्यावर सूत थांबलं.

"ह्यात पान्याचं न्हाय लिवलंस."

"काय लिहू?"

"तू परवा बरण्या बगून आलास, तवापासून जेवला न्हाईस धड. मी घातलं त्या पान्यानंच बिघाडली न्हवं?"

मी मान हलवली.

"मग लिव."

"बा, शेट गाडी विकतील. नारळी पौर्णिमेनंतर मचव्यावर जायचंय तुम्हाला."

ते थोडा वेळ बोटाभोवती सूत गुंडाळत राहिले. "ती मुंबैची बाय गाडी घेईल, आन् म्हयन्यात वाटंत अडकंल. कोनाच्या पिंपात वायट पानी भरून मी कदी मचवा सोडला न्हाय." मग उठून टोपी घातली. "तू लिवू नको. मीच सांगतो."

मीही मागोमाग गेलो. शेट ओसरीवर बसले होते. आतल्या दाराच्या पडद्यामागे बीबी. वडिलांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, बरणी चाखल्यापासून. शेट ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "सुपारीच्या रोपांना घातलंस?"

"व्हय."

"ती तरी जगली का?"

"झकास हायत, शेट."

शेट हसले नाहीत, पण त्यांच्या दाढीत काहीतरी हललं. "वीस वर्षांत माझा एक खलाशी पाण्याने आजारी पडला नाही, तो तुझ्या जिभेमुळे. त्याच जिभेने माझी गाडी मारली. आता मी कुणाच्या नावाने ओरडू?" त्यांनी माझा कागद घेतला, पाहिला आणि तो वाचून न घेताच बाजूला ठेवला. "विकायचं राहिलं. असला माल मी दुसऱ्याच्या गळ्यात घालणार नाही."

पडद्यामागून बीबी म्हणाल्या, "किनाऱ्यापर्यंत जाते ना अजून? मला कुठे हिच्यातनं हजला जायचंय?"

मला वाटलं, सुटलो. पण वडील हलले नाहीत. "शेट, आनिक एक हाय," ते म्हणाले, आणि डोळ्यांचं सांगितलं.

शेटचा चेहरा उतरला. "कधीपासून?"

"दोन वर्सं."

"म्हणजे गेल्या खेपा तू न दिसता नेल्यास? माझी सहा माणसं घेऊन?"

वडील खाली बघत होते. आत बीबींच्या जपाच्या तसबीचे मणी एकेक सरकत होते तेवढंच ऐकू येत होतं. मग शेट अगदी हळू म्हणाले, "पाण्याचं माफ केलं, तांडेल. डोळ्यांचं माफ करायला मला वेळ लागेल."

तो वेळ त्यांनी घेतलाही. पावसाळाभर वडील शेटच्या घरापासून किनाऱ्यापर्यंतच गाडी चालवत राहिले, आणि शेट त्यांच्याशी कामापुरतं बोलत. मी अलिबागला गेलो. मचव्यावर दुसरा तांडेल आला. नारळी पौर्णिमा झाली, मचवे निघायचे दिवस आले, तेव्हा शेटनी निरोप पाठवला. तांडेलाला विहिरीवर यायला सांगा. पिंपं भरायची आहेत, आणि नव्याच्या जिभेवर माझा विश्वास नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा वडील सकाळी विहिरीच्या काठावर बसलेले होते. समोर पाच-सहा पिंपं ओळीने. ओंजळ भरायची, घोट तोंडात घोळवायचा, मान हलवायची. शेटच्याच नव्हे, आता दुसऱ्यांच्याही मचव्यांची माणसं तिथे थांबलेली. हे काम पुढे ते शेवटपर्यंत करत राहिले. त्याला डोळे लागत नव्हते.

त्याच संध्याकाळी गाडी निघाली. मी शेजारी चालत होतो, कारण ती आता माणसाच्या चालीनेच जात होती. सुपारीच्या वाड्यांतून ऊन तिरपं येत होतं. सुरूची झाडं दिसू लागली, समुद्राचा आवाज आला, आणि शंभर पावलांवर गाडी काही न बोलता थांबली. वडिलांनी कळ सरकवून पाहिली. मग ते उतरले, एक हात दांड्यावर ठेवला, मला डोळ्याने खुणावलं, आणि आम्ही दोघं तिला ढकलू लागलो. मी मागून, ते बाजूने. चाकं वाळूमिश्रित मातीत हळूहळू फिरू लागली.

पडद्याआडून बीबींचा आवाज आला, "आज किती अलगद चालतेय, तांडेल."

"व्हय, बीबी," वडील धापा टाकत म्हणाले, "वारा मागनं हाय."